जुना बॉयलर काढून नवा कंडेन्सिंग बॉयलर बसवताना

इथे इंग्लंडात घरातले रेडिएटर आणि नळाचं पाणी तापवणारा गॅस बॉयलर बदलायचाच असेल तर मे-जूनमध्ये बदला. ऐन थंडीत तो बंद पडला की इन्स्टॉलर सांगेल ती किंमत आणि देईल ती तारीख निमूट मान्य करावी लागते. घरात तान्हं मूल असेल किंवा भारतातून आई-बाबा आलेले असतील, तर तीन ठिकाणची कोटेशनं मागवून ताडून बघायला कोणाला सुचणार? आमचा बॉयलर २००३ सालचा होता. इंग्लंड-वेल्समध्ये एप्रिल २००५ पासून नवा गॅस बॉयलर कंडेन्सिंगच बसवायचा असा नियम झाला, हा त्याआधीचा. कुरकुरत का होईना चालत होता, पण त्याचे सुटे भाग मिळेनासे झाले होते, म्हणून चालू असतानाच काढला.

माझे वडील कोल्हापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यात बॉयलरवर होते. गळीत हंगामाआधी बॉयलर अग्निप्रदीपन, पूजा, नारळ, पेढे, हे बघतच मी मोठी झाले. त्यामुळे रेडिंगच्या स्वयंपाकघरात भिंतीवर टांगलेल्या या पांढऱ्या खोक्याला बॉयलर म्हणायचं मला सुरुवातीला जडच जायचं. पण बाबांना फोनवर याचं काम समजावून सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "इकॉनॉमायझरच की गं हा, धुराच्या उष्णतेवर पाणी तापवणारा. फक्त आम्ही धुराड्यात पाणी सुटू नये म्हणून धडपडायचो, तुम्ही मुद्दाम सोडताय."

झालं, एवढंच आहे ते. गॅस जळला की कार्बन डायऑक्साइडबरोबर पाण्याची वाफही तयार होते. जुना बॉयलर ती वाफ गरमागरम बाहेर सोडून द्यायचा. कंडेन्सिंग बॉयलर त्या धुरातली उष्णता रेडिएटरमधून परत आलेल्या पाण्याला देतो. धूर साधारण ५५ अंशांच्या खाली उतरला की वाफेचं पाणी होतं आणि वाफेत दडलेली उष्णता हाती लागते. पण ही उष्णता घेणारं परतीचं पाणीच ६०-६५ अंशांचं असेल, तर वाफ थंड होणार कशी? म्हणजे कंडेन्सिंग बॉयलर विकत घेतला म्हणून तो कंडेन्स करेलच असं नाही. ९२-९४ टक्के कार्यक्षमतेचं लेबल लावलेला बॉयलर ८० अंशांवर चालवला, तर त्यातले बरेच टक्के भिंतीबाहेर जातात. निवड करताना, बसवून घेताना आणि नंतर वापरताना हा परतीच्या पाण्याचा मुद्दा धरून ठेवा. बॉयलरवर कोणत्या कंपनीचं नाव आहे ते त्यानंतर.

कॉम्बी की सिलिंडर

लहान घर आणि एकच बाथरूम असेल तर कॉम्बी. नळ उघडला की तो लागेल तेवढंच पाणी तापवतो, टाकी वगैरे काही नाही. दोन बाथरूम असतील आणि सकाळी साडेसातला दोन्ही शॉवर एकदम चालणार असतील, तर एअरिंग कपबर्डमधला, म्हणजे उबेवर कपडे वाळवायच्या कपाटातला, गरम पाणी साठवायचा सिलिंडर ठेवा आणि त्यातलं पाणी तापवणारा सिस्टिम बॉयलर घ्या. सिलिंडर काढून ती जागा कपाटाला वापरायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण तो काढण्याआधी एक काम करा. दहा लिटरची बादली स्वयंपाकघरातल्या थंड पाण्याच्या नळाखाली ठेवा, नळ पूर्ण सोडा आणि घड्याळ लावा. एका मिनिटात बादली भरून वाहिली नाही, तर रस्त्यावरून येणारं पाणीच कमी आहे. मग कितीही मोठा कॉम्बी लावा, शॉवरची धार वाढणार नाही.

कॉम्बीच्या माहितीपत्रकात गरम पाण्याचा आकडा बहुतेक वेळा ३५ अंशांच्या वाढीवर दिलेला असतो. २४ किलोवॅटचा कॉम्बी मिनिटाला साधारण ९.८ लिटर पाणी ३५ अंशांनी तापवतो, ३० किलोवॅटचा १२ लिटर, ३५ किलोवॅटचा १४ लिटर. जानेवारीत नळाचं पाणी पाच-सहा अंशांवर येतं, त्यात ३५ मिळवले की ४० झाले. शॉवरला एवढं पुरतं. आपल्याकडच्या पाहुण्यांना बादलीत कढत पाणी काढून विसण घालायची सवय असते, त्यांच्यासाठी नळ अर्धाच सोडा म्हणजे पाणी जास्त तापून येतं. एवढं सांगितलं की कोणी तक्रार करत नाही.

किती किलोवॅटचा

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. वर सांगितलेले २४-३०-३५ किलोवॅट हे फक्त नळाच्या गरम पाण्यासाठी लागतात. घर तापवायला तेवढे मुळीच लागत नाहीत. आपल्या घराला किती लागतात ते गॅस मीटरवरूनच काढता येतं. बाहेर शून्याच्या आसपास असेल अशा दिवशी सकाळी मीटरचा आकडा लिहून ठेवा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा लिहा. समजा १२ घनमीटर गॅस गेला. एका घनमीटरमध्ये साधारण ११ युनिट (किलोवॅट-तास) धरा, म्हणजे १३२ युनिट. भागिले २४ तास, साडेपाच किलोवॅट. त्यात स्वयंपाक आणि अंघोळीही आल्या, आणि जुन्या बॉयलरनं वाया घालवलेली उष्णताही. म्हणजे ते घर कडाक्याच्या थंडीतही पाच किलोवॅटच्या आत गरम राहतंय. तुम्ही हीटिंग दिवसातून काही तासच लावत असाल तर थोडी वाढ धरा, पण म्हणून त्याचे पस्तीस होत नाहीत.

म्हणून माहितीपत्रकात वरच्या आकड्याआधी खालचा आकडा शोधा: बॉयलर कमीत कमी किती किलोवॅटवर चालू शकतो? काही तीनपर्यंत खाली येतात, काही सात-आठच्या खाली उतरतच नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये घराला दोन-तीन किलोवॅट लागत असताना आठवाला पेटतो, चार मिनिटांत पाणी तापवतो, विझतो, पुन्हा पेटतो. गॅस वाया जातो आणि यंत्रही झिजतं. सिलिंडर ठेवणाऱ्यांनी तर लहानातला लहान सिस्टिम बॉयलर मागावा. साध्या तीन बेडरूमच्या घराला तो पुरून उरतो.

एका कंपनीचा विक्रेता आमच्या सोफ्यावर बसून बिस्किटं खात मला ३५ किलोवॅटचा घ्या म्हणून सांगत होता. तो ना लॉफ्टमध्ये चढला, ना एकाही रेडिएटरकडे बघितलं. वर "आज सही केली तर पाचशे पौंड कमी". आज सही केली तर कमी होणारे पाचशे पौंड हे आधी वाढवलेलेच असतात, हे लक्ष्मी रोडवर साड्या घेतलेल्या बाईला सांगायला नको.

कंपन्यांबद्दल थोडक्यात. वुस्टर बॉश, वेलंट, हलची आयडियल, बॅक्सी, व्हिसमन ही नावं सगळीकडे दिसतील, आणि यातल्या कुठल्याही कंपनीचा मधल्या किमतीचा बॉयलर नीट बसवला तर नीटच चालतो. तुमच्या भागातला चांगला इन्स्टॉलर ज्या कंपनीचं काम नेहमी करतो आणि ज्या कंपनीची लांब वॉरंटी तो देऊ शकतो, ती घ्या. त्याला त्या यंत्राची नस माहीत असते.

उष्णतेच्या पंपाचाही एकदा विचार करा. इंग्लंड-वेल्समध्ये बॉयलर अपग्रेड स्कीमखाली बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर घरात खेचणाऱ्या हीट पंपाला साडेसात हजार पौंडांचं अनुदान मिळतं. आमच्या घरात सिलिंडरला जागा उरली नव्हती आणि घरखर्चाचं गणितही बसेना, म्हणून आम्ही तिकडे गेलो नाही. तुमच्याकडे सिलिंडर असेल तर त्याचंही एक कोटेशन मागवायला काय जातंय?

कोणाकडून बसवायचा

स्वतः बसवायचा विचार मनातही आणू नका. आपल्याकडे गीझर बसवायला कोपऱ्यावरचा प्लंबर येतो, तसं इथे चालत नाही. गॅसचं काम धंदा म्हणून करणारा माणूस गॅस सेफ रजिस्टरवर असलाच पाहिजे, हा कायदा आहे. (जुनी माणसं अजून 'कॉर्गी' म्हणतात. २००९ च्या एप्रिलपासून कॉर्गीची जागा गॅस सेफनं घेतली.) त्याच्याकडे फोटोचं कार्ड असतं. ते मागायला संकोच करू नका, चांगला माणूस स्वतःहून दाखवतो. कार्ड उलटं करून मागची बाजूही बघा. त्याला कोणकोणती कामं करायची परवानगी आहे आणि ती कधीपर्यंत आहे ते तिथे छापलेलं असतं. नुसत्या शेगडीची परवानगी असलेला माणूस बॉयलरला हात लावू शकत नाही. कार्डावरचा नंबर गॅस सेफच्या संकेतस्थळावर टाकला की खरं-खोटं लगेच कळतं.

भाड्याच्या घरात राहत असाल तर हा सगळा खर्च आणि डोकेदुखी घरमालकाची. दरवर्षी गॅसची तपासणी करून त्याचा दाखला तुम्हाला देणंही त्याच्यावर बंधनकारक आहे.

कोटेशन देण्याआधी जो मीटरपासून बॉयलरपर्यंत गॅसची नळी कुठून येते ते वाकून बघतो, तो माझ्या मते निम्मी परीक्षा पास झाला. जुन्या बॉयलरला १५ मिलिमीटरची नळी पुरायची. नव्या कॉम्बीला बहुतेक ठिकाणी २२ मिलिमीटरची लागते, कारण मीटरपासून बॉयलरपर्यंत येताना गॅसचा दाब एका मिलिबारपेक्षा जास्त पडू द्यायचा नसतो. हे काम कोटेशनमध्ये नसेल तर ते कामाच्या दिवशी 'जादा' म्हणून समोर येतं. तसंच सिस्टिम धुणं, चुंबकी फिल्टर, थर्मोस्टॅट, जुना बॉयलर उचलून नेणं आणि भिंतीतलं जुनं भोक बुजवणं हे सगळं कागदावर लिहून घ्या.

थर्मोस्टॅटच्या ओळीवर जरा थांबा. इंग्लंडात २०१८ पासून नव्या कॉम्बीबरोबर वेळ-तापमानाच्या नियंत्रणाशिवाय आणखी एक बचतीची सोय द्यावीच लागते. बरेच जण फोनवरून चालणारा एखादा छानसा थर्मोस्टॅट देऊन मोकळे होतात. त्यातले पुष्कळसे बॉयलरला फक्त 'चालू' किंवा 'बंद' एवढंच सांगू शकतात. त्याऐवजी बॉयलरच्याच कंपनीचा हवामानाचा सेन्सर मागा. बाहेर उत्तरेच्या, ऊन न लागणाऱ्या भिंतीवर काडेपेटीहून थोडी मोठी डबी बसते. बाहेर दहा अंश असतील तर बॉयलर रेडिएटरना कोमट पाणी पाठवतो, शून्य असेल तर गरम. म्हणजे परतीचं पाणी जमेल तेवढं थंड राहतं, आणि आपल्याला तेच तर हवंय.

फ्ल्यू आणि ती पांढरी नळी

आता सगळ्यात दुर्लक्षित भाग. कंडेन्सिंग बॉयलरमधून पाणी गळणारच. ते आंबट असतं, त्याचा पीएच तीन-चारच्या आसपास. तांब्याची नळी ते खाऊन टाकतं, म्हणून प्लॅस्टिकचीच नळी लागते. ही नळी घरातल्या घरात सिंकच्या किंवा शौचालयाच्या सांडपाण्याच्या नळीला जोडली तर उत्तम. इन्स्टॉलरला भिंतीला भोक पाडून ती बाहेर सोडणं सोपं जातं, कारण फ्ल्यूसाठी, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या नळीसाठी, भोक पाडायचंच असतं. तुम्ही मात्र हट्टानं विचारा: आतून नाही का नेता येणार? सिंकखालचं कपाट रिकामं करून द्यायला लागलं तरी द्या.

डिसेंबर २०१० च्या थंडीत देशभर असंख्य बॉयलर याच नळीपायी बंद पडले. बाहेरच्या बारीक नळीत थेंब थेंब पाणी गोठत जातं, बर्फाचं बूच बसतं, पाणी बॉयलरमध्ये तुंबतं आणि तो स्वतःला कुलूप लावून घेतो. आतून गुडगुड आवाज यायला लागला की ओळखायचं. अशा वेळी बाहेरच्या नळीवर गरम पाणी ओतायचं, उकळतं नाही, आणि मग रीसेटचं बटण दाबायचं. बाहेरून नेण्याशिवाय गत्यंतरच नसेल तर नळी ३२ मिलिमीटरची, शक्य तितकी आखूड, मीटरला ४५ मिलिमीटर उताराची आणि वरून जाड वेष्टण घातलेली हवी. आमच्या गल्लीत कुत्र्याला फिरवताना मी आता नकळत लोकांच्या भिंती बघते. बोटाएवढी उघडी पांढरी नळी अडीच-तीन मीटर आडवी नेलेली दिसते आणि त्यांच्या जानेवारीची काळजी वाटते.

फ्ल्यूचा उतार मात्र उलटा, बॉयलरकडे. बाहेरच्या बाजूला उतार असेल तर आंबट पाणी भिंतीवर ठिबकत राहतं. फ्ल्यूचं तोंड उघडणाऱ्या खिडकीपासून निदान ३०० मिलिमीटर लांब लागतं. नियमात बसलं तरी थंडीत त्यातून पांढऱ्या वाफेचा लोट निघतो, तो शेजाऱ्यांच्या दारात जाणार नाही ना हे तुम्हीच बघा, वाकडं तोंड करणारे शेजारी पुढची पंधरा वर्षं इन्स्टॉलरच्या नाही, तुमच्याच शेजारी राहणार आहेत. लीजहोल्ड (दीर्घ भाडेपट्ट्याचा) फ्लॅट असेल तर भिंतीला भोक पाडण्याआधी फ्रीहोल्डरची, म्हणजे इमारतीच्या मूळ मालकाची, लेखी परवानगी घ्या.

कामाच्या दिवशी

जुन्या कॉम्बीच्या जागी नवा कॉम्बी हे एका दिवसाचं काम. लॉफ्टमधल्या टाक्या आणि सिलिंडर काढून कॉम्बी करायचा असेल तर दोन-तीन दिवस धरा. आदल्या रात्री बॉयलरखालची डबे-बरण्यांची मांडणी हलवून ठेवा, पाण्याचा मुख्य कॉक फिरतोय का ते बघून ठेवा. वर्षानुवर्षं न हललेला कॉक ऐन वेळी जाम झालेला निघतो. लॉफ्टच्या टाकीवरून बंद (टाकी नसलेल्या, दाबाखालच्या) सिस्टिमवर जाताना जुन्या रेडिएटरमध्ये दाब वाढतो आणि एखादा जुना सांधा ठिबकायला लागतो, तो इन्स्टॉलरचा दोष नसतो.

नवा बॉयलर टांगण्याआधी रेडिएटर धुतले जाताहेत ना, ते जागेवर उभं राहून बघा. आमच्याकडे पाईपातून पहिल्यांदा आलं ते पाणी नव्हतंच, काळी शाई होती. त्यात चुंबक धरला तर त्याला काळी दाढी फुटली. लोखंडी रेडिएटर आतून गंजतात, त्याचा हा चिखल. नव्या बॉयलरच्या बारीक वाटांमध्ये तो गेला तर वॉरंटीसुद्धा कामाला येत नाही. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं, परतीच्या नळीवर चुंबकी फिल्टर लावायचा आणि शेवटी गंज रोखणारं रसायन, म्हणजे इन्हिबिटर, घालायचं. ब्रिटिश स्टँडर्ड ७५९३ मध्ये हे सगळं सांगितलेलं आहे. 'फिल्टर लावलाय, धुवायची गरज नाही' असं कोणी म्हणालं तर या मानकाचं नाव घ्या, सूर बदलतो. रेडिंग, लंडन अशा जड पाण्याच्या भागात कॉम्बीच्या थंड पाण्याच्या वाटेवर क्षार रोखणारी छोटी नळीही लावून घ्या. किटलीच्या तळाशी जे दिसतं तेच बॉयलरच्या आत साठतं.

बॉयलर पेटला की इन्स्टॉलर फ्ल्यूच्या बुंध्याशी असलेल्या छिद्रात यंत्राची दांडी घालून धुरातला कार्बन मोनॉक्साइड मोजतो. त्याची छापील पट्टी मागून घ्या. बेंचमार्क नावाचं पान माहितीपुस्तिकेच्या शेवटी असतं, ते त्यानं भरून, सही करून द्यायला हवं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म त्याच खोलीत लागलाच पाहिजे, ऑक्टोबर २०२२ पासून इंग्लंडात बॉयलर बदलतानाही तो सक्तीचा आहे. इन्स्टॉलर निघण्याआधी त्याच्याकडून रेडिएटरच्या पाण्याचा दाब कसा वाढवायचा ते स्वतःच्या हातानं करून शिका: पाणी थंड असताना काटा एक ते दीड बारमध्ये, आणि भरून झालं की पाणी भरायची जोडनळी काढून ठेवायची. गॅसचा वास आला तर फोन ०८०० १११ ९९९, हा नंबर बॉयलरच्या दारावर आतून चिकटवा.

पाण्याचं तापमान

बहुतेक बॉयलर ७०-७५ अंशांवर लावून मिळतात, कारण घर पटकन गरम झालं की गिऱ्हाईक खूश. इन्स्टॉलर गेल्यावर रेडिएटरचं चिन्ह असलेलं बटण ५५ वर आणा. रेडिएटरला हात लावला तर पूर्वीसारखा चटका बसणार नाही, आणि आमच्याकडे पहिला प्रश्न आला तो "बंद पडलाय का गं?" असाच. बंद नाही, कोमट आहे आणि जास्त वेळ चालू आहे. कडक थंडीत एखादी खोली गारच राहिली तर पाच-पाच अंशांनी चढवा, किंवा त्या एका खोलीतला रेडिएटर मोठा करून घ्या. कॉम्बीच्या नळाच्या पाण्याचं बटण वेगळं असतं, ते ४८-५० ला पुरे. ज्यांच्याकडे गरम पाण्याचा सिलिंडर आहे त्यांनी मात्र हे असं करायचं नाही. साठवलेलं पाणी ६० अंशांपर्यंत तापलंच पाहिजे, नाहीतर त्यात लिजिओनेला जिवाणू वाढतात, म्हणून बॉयलर ६५-७० वर ठेवावा लागतो.

बॉयलर खरंच कंडेन्स करतोय का हे बघायला यंत्र लागत नाही. नळी सिंकखाली जोडलेली असेल तर हीटिंग अर्धा तास चालल्यावर कपाट उघडून कान द्या: ठराविक वेळानं आतली कुंडी भरून एकदम रिकामी झाल्याचा 'गुळ्ळ' आवाज येतो. ७० वर बराच वेळ थांबावं लागतं, ५५ वर लवकर लवकर येतो. मी बाबांना तो फोनवर ऐकवला.

वॉरंटीची नोंदणी साधारण ३० दिवसांत करावी लागते. ती इन्स्टॉलर करणार की तुम्ही हे विचारून घ्या. इन्स्टॉलरनं काम गॅस सेफला कळवलं की बिल्डिंग रेग्युलेशनचा दाखला घरी पोस्टानं येतो. तो जाहिरातींच्या कागदांबरोबर फेकू नका, घर विकताना वकील पहिल्यांदा तोच मागतो. आणि दरवर्षी सर्व्हिस करून पुस्तिकेत सही घ्या, एक वर्ष चुकलं की दहा वर्षांची वॉरंटी तिथेच संपते. सर्व्हिसला आलेला माणूस नुसतं झाकण पुसून निघाला तर त्याला थांबवा. कंडेन्सेटची (त्या आंबट पाण्याची) कुंडी आणि चुंबकी फिल्टर उघडून साफ करायला सांगा, आणि इन्हिबिटर पुरेसं आहे का तेही त्याच वेळी तपासून घ्या.